परतीचे दोर : दुर्गलेखनात राहून गेलेली उतरण

‘परतीचे दोर कापले’ असे आपण नोकरी सोडलेल्या माणसाबद्दल म्हणतो, पक्ष बदललेल्या पुढाऱ्याबद्दल म्हणतो, घरच्यांशी भांडून लग्न केलेल्या मुलीबद्दलही म्हणतो. हा वाक्प्रचार आला सिंहगडावरून. फेब्रुवारी १६७० मधली ती रात्र, तानाजी पडलेला, मावळे कड्याकडे पळत सुटलेले आणि सूर्याजी त्यांना सांगतो की दोर केव्हाच कापून टाकलेत. ही हकीकत इतिहास म्हणून कितपत धरायची, हा वेगळा प्रश्न. भाषेने ती केव्हाच खरी करून टाकली आहे. त्या खरेपणात एक निवाडाही दडलेला आहे : गड चढणे हा पराक्रम आणि गड उतरणे ही पळ काढण्याची गोष्ट.

गेली काही वर्षे मराठीतले दुर्गलेखन मी सलग वाचतो आहे. गो. नी. दांडेकरांची ‘दुर्गभ्रमणगाथा’, प्र. के. घाणेकरांचे ‘साद सह्याद्रीची! भटकंती किल्ल्यांची!!’, आनंद पाळंदे यांची ‘डोंगरयात्रा’, वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या, दिवाळी अंकांतले भटकंतीचे लेख. हा ऐवज मोठा आहे आणि त्यातला बराचसा प्रेमाने लिहिलेला आहे. पण वाचता वाचता एक गोष्ट खटकू लागली आणि मग ती प्रत्येक लेखात दिसू लागली. आमचे दुर्गलेखन एकमार्गी आहे. पायथ्याचे गाव, वाट, दमछाक, दरवाजा, तटबंदी, टाक्याचे पाणी, सूर्यास्त, इतिहासाचे स्मरण आणि मग एका ओळीत ‘संध्याकाळी आम्ही गड उतरलो’. अर्धा डोंगर लिहायचा राहून गेला आहे.

गोनीदांबद्दल आधी बोलले पाहिजे, कारण मराठी माणसाला गडावर जायला त्यांनी शिकवले. रायगड हा त्यांच्या लाडक्या गडांपैकी एक. त्यांच्या गद्यात चालण्याचा ठेका आहे. वाक्ये छोटी होतात तेव्हा दम लागलेला असतो आणि लांबतात तेव्हा समोर पठार आलेले असते. गडावरचा मुक्काम, चुलीवरचा भात, रात्रीचा वारा, अंधारात उभा राहणारा शिवकाल हे सगळे त्यांच्याइतके कोणी लिहिले नाही. तरीही पुस्तक मिटल्यावर माझ्या मनात उरते ती चढण आणि वरचा मुक्काम. गड हे त्यांच्यासाठी दैवत आहे, आणि दैवताकडे जाण्याची वाट सविस्तर सांगतात, परतीची कोण सांगतो? वारीचेही असेच आहे. आळंदी-देहूहून पंढरपूरपर्यंतच्या चालण्यावर मराठीत ढीगभर लिहिले गेले. पालखी पंढरपूरहून पायीच परत येते, थोड्या लोकांनिशी, कुणाच्या फारशा लक्षात न येता. त्या परतवारीवर किती पाने आहेत?

गोनीदांचीच ‘जैत रे जैत’ मात्र या एकमार्गी लेखनाला आतून तडा देते. कर्नाळ्याचा तो अंगठ्यासारखा सुळका मुंबई-गोवा रस्त्याने जाणारा प्रत्येक जण पाहतो. कादंबरीत तो लिंगोबा आहे, त्यावर राणीमाशी आहे आणि तिच्याशी वैर धरलेला ठाकर नाग्या आहे. जब्बार पटेल यांच्या १९७७ च्या चित्रपटामुळे ही गोष्ट घरोघरी पोचली. नाग्या जिंकतो, पण चिंधी जिवानिशी जाते. माथा गाठल्याचा आनंद आणि त्याची किंमत एकाच ठिकाणी पदरात घालणारे दुसरे मराठी डोंगरकथानक मला आठवत नाही. त्यातला एक तपशील मला नेहमी विचारात पाडतो. कड्यावरचे आग्या मोहोळ काढणारा माणूस बहुधा वरून दोरावर खाली येतो. त्याचे खरे काम उतरणीत असते. आणि त्याचा परतीचा दोर कोणी कापला तर त्याला कोणी वीर म्हणणार नाही.

आता उन्हाळ्याविषयी, कारण उतरणीइतकाच तोही आमच्या लेखनातून गळाला आहे. दुर्गलेखनाचे ऋतू दोन : पावसाळा आणि हिवाळा. याला कारणे आहेत, टाकी आटतात, गवत जळते, खडक तापतो. पण रायगडाचे पंचांग उघडून पाहावे. शिवछत्रपतींचे निधन ३ एप्रिल १६८० चे. राजाराम महाराज वेढ्यातून निसटले ते एप्रिल १६८९ मध्ये. इंग्रजांच्या तोफांनी गडावरची घरे जाळली मे १८१८ मध्ये. आणि राज्याभिषेक ६ जून १६७४ चा, म्हणजे त्याची सगळी धावपळ वैशाख-ज्येष्ठातली. संभाजीराजांचा राज्याभिषेक जानेवारीतला, राजारामांचे मंचकारोहण फेब्रुवारीतले, हे खरे. तरी या गडावर जे घडले त्यातले बरेचसे घामाच्या दिवसांत घडले, आणि आम्ही ते धुक्यात पाहतो.

उन्हाळ्यातल्या रायगडवाटेचे एक जुने सविस्तर वर्णन मराठीत नाही, हीदेखील नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. ते इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेनच्या वृत्तांतात आहे. मे १६७४ मध्ये तो मुंबईहून निघाला, चौलला उतरला, खाडीने अष्टमीपर्यंत गेला आणि पुढे निजामपूरवरून पाचाडला आला. सोबत दुभाषा नारायण शेणवी. महाराज प्रतापगडी भवानीच्या दर्शनाला गेलेले असल्याने मंडळींना पायथ्याशी थांबावे लागले आणि मग गडावर येण्याचा हुकूम झाला. व्यापाऱ्याच्या नजरेने त्याने वाट पाहिली आहे : एकच रस्ता आणि अरुंद दरवाजे. आणि याच वृत्तांतात एक म्हातारा खाटीक येतो. वकिलातीला बकऱ्याचे मांस पुरवणारा हा माणूस वयाने थकलेला, तरी तो गड चढून वर आला, कशासाठी, तर आपण कित्येक वर्षांत विकले नाही एवढे मांस महिन्याभरात खाणारे हे लोक आहेत तरी कसे, ते डोळ्यांनी बघायला. शिवकालातल्या रायगडावर निव्वळ कुतूहलापोटी चढून आलेला हा एकच सामान्य माणूस मला माहीत आहे. त्याला मराठी दुर्गलेखनाचा आद्यपुरुष म्हणायला माझी हरकत नाही.

उन्हाळा पाहायला शिकवणारे पुस्तक आपल्याकडे आहे, फक्त ते गडांच्या कपाटात नसते. दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’त वैशाख हा संपत आलेला महिना नाही, भरून आलेला महिना आहे. रायगड जिल्ह्याच्या डोंगरात मे महिन्यात फिरणाऱ्याला हे पटते. करवंदीच्या जाळ्या काळ्या झालेल्या असतात, बहावा पिवळा लोंबत असतो, उतारांवर राब भाजल्याचे काळे चौकोन दिसतात. डोंगरात राहणाऱ्या माणसाचे डोंगरातले काम याच दिवसांत उरकायचे असते. लाकूडफाटा, राब, मध, करवंदे, जांभळे. म्हणजे ज्या ऋतूत डोंगर माणसांनी सर्वांत जास्त गजबजलेला असतो, तोच ऋतू आम्ही ‘सीझन नाही’ म्हणून वगळला आहे.

हा लेख लिहायचे ठरले ते गेल्या मे महिन्यातल्या एका शनिवार-रविवारमुळे. माझ्या मित्राची मुलगी आणि तिचे चार-पाच सोबती डोंगरात धावतात. याला ते ‘ट्रेल रनिंग’ म्हणतात. सिंहगड-राजगड-तोरणा अशी डिसेंबरातली लांब पल्ल्याची शर्यत त्यांनी केलेली आहे. शनिवारी सागरगड आणि रविवारी रायगडाची प्रदक्षिणा असा त्यांचा बेत होता. मी साठी ओलांडलेला, धावण्याचा प्रश्नच नव्हता. मागून चालत येईन, एवढ्या बोलीवर त्यांनी मला घेतले.

अलिबाग-पेण रस्त्यावरच्या खंडाळ्यातून पहाटे साडेचारला निघालो. सिद्धेश्वराच्या अलीकडेच मुले दिसेनाशी झाली. माचीवरच्या वस्तीपाशी उजाडले आणि गडावर पोचलो तेव्हा समोर समुद्र, त्यात कुलाबा, उजवीकडे दूर खांदेरी-उंदेरी. इथपर्यंतचे मी लिहू शकलो असतो, सगळ्यांनीच लिहिले आहे. पण नऊच्या सुमारास उतरायला लागलो आणि मुलांचे शरीरच बदलले. चढताना ती वाकून, हात मांडीवर टेकवून चालत होती. दम सगळ्यांनाच लागला होता. उतरताना ती पावले मोजेनाशी झाली. पाय छोटे छोटे पडत होते, नजर पायाशी नव्हती, चार-पाच पावले पुढे होती. मित्राची मुलगी खाली भेटल्यावर म्हणाली, “काका, वर जायला छाती लागते, खाली यायला डोकं.” ती वैद्यकाची विद्यार्थिनी, पुढचे तिनेच समजावले : चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो, उतरताना तो ताणला जात असतानाच शरीराचा भार पेलतो, म्हणून मांड्या भरून येतात त्या उतरणीने, आणि तेही एक-दोन दिवसांनी.

त्याच वाटेवर माचीवरची एक बाई आम्हाला मागे टाकून गेली. डोक्यावर करवंदांची पाटी, पायात रबरी चपला. मुलांपैकी दोघे घसाऱ्यावर बसत सरकत होते, तिथे ती आडवी, नागमोडी पावले टाकत सरळ उतरली. जाता जाता म्हणाली, “टाच रोवू नका रं पोरांनू, पाय आडवा टाका.” तिला अलिबागचा बाजार गाठायचा होता. मुलांनी तिचे म्हणणे ऐकले आणि तसे उतरून पाहिले. दुपारी जेवताना त्यांची चर्चा ‘डाउनहिल’, ‘ग्रिप’, ‘केडन्स’ या शब्दांत चालली होती. मी विचारले, त्या बाईने सांगितले त्याला तुम्ही काय म्हणता? कोणाकडेच शब्द नव्हता, आणि माझ्याकडेही तिचेच शब्द होते.

शब्द नाहीत असे मात्र नाही. घसारा, मुरूम, नाळ, सोंड, पदर, घळ, बेचके, निसणीची वाट. मोकळ्या कड्यावरून खाली बघताना जे होते त्याला डोंगरवाल्यांनी ‘दृष्टीभय’ असा नेमका शब्द घडवला आहे. ही सगळी परिभाषा कुठे सापडते? ललित दुर्गलेखांत क्वचित. ती सापडते पाळंद्यांच्या ‘डोंगरयात्रे’सारख्या मार्गदर्शक पुस्तकांत, जिथे घाटवाटेने कोकणात उतरायचे असते आणि चूक परवडत नाही. समीक्षकांनी ही पुस्तके कधी साहित्य म्हणून वाचली नाहीत, त्यांना वेळापत्रकांच्या फडताळात टाकले. माझे मत असे की डोंगराचे मराठी गद्य तिथे जास्त जिवंत आहे. ‘उजवीकडची नाळ सोडून सोंडेवर यावे’ या वाक्यात एक पाऊल चुकलेला माणूस लपलेला आहे, आणि ‘सह्याद्रीचे रौद्र रूप पाहून नतमस्तक झालो’ या वाक्यात कोणीच नाही.

रविवारी रायगड. मुले प्रदक्षिणेला गेली, टकमकाच्या पायथ्याखालून, काळकाईच्या खिंडीतून, सगळा गड डोक्यावर ठेवून. मी थोडे त्यांच्यासोबत गेलो आणि मग पायऱ्यांनी वर. रायगडाला चौदाशेच्या वर पायऱ्या आहेत, आणि १९९६ पासून रोपवे आहे. उन्हात उभे राहून पाहिले तर हौशी माणसांची एक रीत लक्षात येते : चढायचे पायी, उतरायचे रोपवेने. चढणे म्हणजे भक्ती, उतरणे म्हणजे वाहतूक. आपल्या लेखांत जी एक ओळ असते, ‘संध्याकाळी गड उतरलो’, तिचेच हे यंत्र.

आणि हे घडते कोणत्या गडावर, तर मराठीतल्या सर्वांत प्रसिद्ध उतरणीच्या गडावर. हिरकणीची गोष्ट शाळेपासून सगळ्यांना ठाऊक आहे. कोजागिरीची रात्र, दूध घालायला आलेली गवळण, बंद झालेले दरवाजे, खाली पाळण्यातले बाळ, आणि कडा. इतिहासकार तिला दंतकथा मानतात. माझ्या कामासाठी ती दंतकथा असणेच सोयीचे, कारण दंतकथेत लोकांनी काय ठेवले आणि काय गाळले ते दिसते. कथनांत, कवितांत, २०१९ च्या चित्रपटातही ही गोष्ट चालते ती आईच्या काळजावर. काटे, रक्त, चांदणे, हंबरडा. ती कशी उतरली, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक वेळी एकच मिळते : आई होती म्हणून.

हे उत्तर मला अपुरे वाटते, आणि थोडे अन्यायाचेही. रात्री कड्यावरून उतरायला माया पुरत नाही. हात कुठे ठेवायचा, कोणता खडक कुजका, कोणत्या बेचक्यात झुडूप आहे, वजन कोणत्या पायावर असताना दुसरा हलवायचा, हे ठाऊक असावे लागते. गोष्टच सांगते की ती पायथ्याच्या वस्तीतली गवळण, रोज चढउतार करणारी. गुरांसाठी गवत कापणाऱ्या, लाकूड आणणाऱ्या बायका कड्याच्या अंगाने कुठवर जाता येते हे पाटलापेक्षा आणि किल्लेदारापेक्षा चांगले जाणतात. त्या रात्री दरवाजावरच्या पहारेकऱ्यांना जी वाट ठाऊक नव्हती ती तिला ठाऊक होती. म्हणजे ही जाणकारीची गोष्ट आहे, आणि आम्ही साडेतीन शतकांनंतरही ती वात्सल्याची म्हणून सांगतो. तानाजीच्या चढण्याला कसब म्हणायचे, डावपेच म्हणायचे. हिरकणीच्या उतरण्याला काळीज म्हणायचे. सागरगडाच्या वाटेवर टाच न रोवण्याचा सल्ला देणाऱ्या बाईलाही उद्या कोणी लेखात आणलेच, तर ‘कष्टाळू’ म्हणून आणील. जाणकार म्हणून आणणारा विरळा.

गोष्टीचा शेवट तर आणखी विचार करण्यासारखा आहे. महाराज तिचा सन्मान करतात, साडीचोळी देतात, आणि ती जिथून उतरली तिथे बुरूज बांधतात. लष्करी दृष्टीने हे रास्तच; जिथून बाई उतरते तिथून शत्रू चढू शकतो. पण कथा म्हणून पाहिले तर तिच्या वाटेला तिचे नाव दिले गेले ते ती वाट बुजवून. हिरकणी बुरुजावर आज आपण उभे राहतो आणि खाली बघतो. मी त्या रविवारी बराच वेळ बघत होतो. खाली वस्तीतल्या कौलांवर ऊन होते आणि मधल्या कड्यावर वाट म्हणता येईल असे काही डोळ्याला दिसत नव्हते.

या बाजूने वाचायला लागले की रायगडाच्या उतरणी एकामागून एक पुढे येतात. वाघ दरवाजाच्या बाजूने निसटलेले राजाराम महाराज : ते उतरले नसते तर जिंजीही नसती आणि पुढचे मराठी राज्यही नसते. मागे राहिल्या येसूबाई आणि बाळ शाहू. १८१८ मध्ये जळक्या गडावरून खाली आलेली दुसऱ्या बाजीरावाची पत्नी वाराणशीबाई. पन्हाळ्याची रात्र घेतली तरी तेच. विशाळगडापर्यंतची ती पावसातली धाव घाटीतल्या झुंजीसाठी लक्षात राहिली, आणि पालखी खांद्यावर घेऊन चिखलातून उतरलेल्या माणसांना एखादे वाक्य मिळाले.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. उतरताना माणूस थकलेला असतो, घरची ओढ असते, नवे काही दिसत नाही. मग लिहायचे काय? पण हीच तर लिहिण्याची जागा आहे. गुडघे थरथरत असतात, पाणी संपत आलेले असते, निर्णय चुकण्याची वेळ तीच असते. डोंगरात धावणारी ही मुले उतरणीबद्दल तासन्‌तास बोलतात, मात्र त्यांचे लेखन किलोमीटर, वेळ आणि चढाईच्या मीटरांत अडकलेले असते. त्यांना उतार कळतो, गाव कळत नाही. आमच्या दुर्गलेखकांना गावाचा इतिहास कळतो, उतार नाही. दिवाळीत अंगणात मुले मातीचा किल्ला करतात, तिथेही पहा : सगळे मावळे वर तोंड करून उभे, पायऱ्यांवर एकही खाली येणारा नाही. आळीव पेरलेल्या त्या डोंगरावर खाली येणाऱ्या एखाद्या गवळणीला जागा द्यायला किती माती लागेल?

रायगडाविषयी मला वाचायला आवडेल असा एक लेख जगदीश्वरापासून सुरू होऊन पाचाडला संपेल. वरची हवा मानवेना म्हणून जिजाऊंसाठी पाचाडला वाडा बांधला होता, असे सांगतात. राज्याभिषेकाचा सोहळा डोळ्यांनी पाहून त्या पाचाडात राहिल्या आणि १७ जून १६७४ ला, सोहळ्यानंतर अकराच दिवसांनी, तिथेच गेल्या. ज्येष्ठ संपत आलेला, पाऊस लागलेला. सिंहासनावरून आईच्या अंथरुणापर्यंतची ती वाट आजही पायऱ्यांनी तशीच खाली येते, आणि तिच्या शेवटी जिजाऊंची समाधी आहे. रोपवेचे तिकीट काढायला निघालेल्या बहुतेक गाड्या तिच्यावरून पुढे जातात.